दातदुखी : घरगुती उपचार आणि त्यांची मर्यादा



दातदुखी बहुधा रात्रीच उसळते, हा घरोघरीचा अनुभव आहे. त्याचे कारण दाताच्या रचनेतच आहे. किडीने वरचे कठीण कवच पोखरले की दाह आतील मज्जेपर्यंत पोहोचतो. तेथे चेतातंतू व रक्तवाहिन्या असतात. सूज आली तरी पसरायला जागा नसते. माणूस आडवा झाला की डोक्याकडील रक्ताचा दाब वाढतो आणि ठणका सुरू होतो. म्हणून उशाला दोन उशा घेऊन डोके उंच ठेवणे, हा पहिला आणि बिनखर्चाचा उपाय होय.

लवंगेचा मान मोठा आहे व तो योग्यच आहे. लवंगेच्या तेलातील युजेनॉल हे द्रव्य काही काळ संवेदना बधिर करते. दंतवैद्यही तेच द्रव्य झिंक ऑक्साइडमध्ये कालवून दात तात्पुरता भरण्यासाठी वापरतात. मात्र निव्वळ तेल लावल्यास हिरडी भाजते. चमचाभर खोबरेल तेलात एक-दोन थेंब मिसळून, कापसाच्या बोळ्याने ते केवळ दुखऱ्या दातावर टेकवावे. लहान मुलांना हे तेल मुळीच देऊ नये. पोटात गेल्यास यकृतास गंभीर इजा होऊ शकते. वेदनाशामक गोळी हिरडीशी दाबून धरण्याची चालही अशीच घातक. तिने वेदना शमत नाही, व्रण मात्र पडतो.

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून खळखळून चुळा भराव्यात. कित्येकदा दुखण्याचे मूळ दोन दाढांत अडकलेला सुपारीचा तुकडा एवढेच असते! लसणाची पाकळी गालात धरण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरांचे त्यावाचून काही अडत नाही, कारण कच्च्या लसणाने हिरडीला चटकाच बसतो.

चौविहार करणाऱ्यांपुढे खरा प्रश्न सूर्यास्तानंतर उभा राहतो. लवंग स्वादिमात गणली जाते आणि चुळेलाही पाणी लागते. अशा वेळी गालावर बाहेरून थंड पाण्यात पिळलेला रुमाल दहा-पंधरा मिनिटे ठेवावा; शेक मात्र देऊ नये. अणाहारी वस्तूंविषयीचा निर्णय गुरुमहाराजांकडून आधीच जाणून घ्यावा. दिवसभर दात कुरकुरत असेल, तर दंतवैद्याकडे सूर्यास्तापूर्वीच जाणे श्रेयस्कर. रात्रीची परीक्षाच टळते.

एका उपायाचा निषेधच केला पाहिजे. तो म्हणजे मशेरी. दात ठणकतो म्हणून चिमूटभर लावली जाते, दात शांत झाल्यासारखा वाटतो आणि पुढे ती सुटत नाही. भाजलेली असली तरी ती तंबाखूच. मुखकर्करोगाचे भय तिच्यातही आहे. महाराष्ट्रातील कित्येक स्त्रियांच्या व्यसनाचा आरंभ अशा दुखऱ्या दाढेपासून झाला आहे.

सर्वांत फसवी अवस्था म्हणजे ठणका आपोआप थांबणे. घरात समाधान पसरते, लवंगेला श्रेय मिळते. प्रत्यक्षात कधी कधी आतील मज्जा मृत झालेली असते आणि जंतुसंसर्ग मुळाशी उतरत असतो. जेथे साध्या भरणाने काम झाले असते, तेथे मग रूट कॅनॉल करावे लागते किंवा दातच काढावा लागतो. मधुमेहींनी तर दिवसाचाही विलंब करू नये.

गाल वा हनुवटीखालचा भाग सुजला, ताप आला, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तसेच चालताना वा जिना चढताना जबडा दुखू लागला, विसाव्याने थांबला, अथवा सोबत छातीत दडपण व घाम आला, तर तो दोष दाताचा नसून हृदयाचा असू शकतो. तेथे तत्काळ ईसीजी काढून घ्यावा.