ताजे कालव कच्चे खाताना

(किनारपट्टीतील शेतकरी व मच्छीमारांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कृषिविद्या शिकवणारा माणूस कालवांवर काय बोलणार, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. तो रास्त आहे. माझा विषय भात, वाल आणि तणनियंत्रण. परंतु कालव हेही एका अर्थाने पीकच आहे. त्याची जमीन म्हणजे खडक आणि त्याचे खतपाणी म्हणजे भरती. ज्या पाण्यात ते वाढले त्या पाण्याचा सारा जमाखर्च त्याच्या अंगात उतरतो. म्हणून आज या पिकाविषयी, आणि विशेषतः ते कच्चे खाण्याविषयी, थोडे बोलतो.

मुंबई उपनगरातील खारदांडा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. कार्टर रोडच्या उत्तरेला, जुहूच्या अलीकडे असलेला हा जुना कोळीवाडा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची ओहोटी लागली की येथील काळे खडक उघडे पडतात आणि त्यांना चिकटलेली कालवे दिसू लागतात. कोळी भगिनी टोकदार लोखंडी हत्याराने वरची शिंप उडवतात, आतला गर डब्यात टाकतात आणि भरती फिरायच्या आत परततात. दोन-तीन तासांचे हे काम. पाय घसरतो, शिंपेच्या कडेने बोटे कापतात. बाजारात जो वाटा आपण घासाघीस करून घेतो त्यामागे एवढे कष्ट आहेत. मुंबईचे हे कालव शास्त्रज्ञांनाही जुने परिचित आहे. १९३१ साली त्याच्यावर एक सविस्तर प्रबंध प्रसिद्ध झाला, त्याच्या नावातच ‘बॉम्बे ऑयस्टर’ असे शब्द आहेत.

अशाच एका ओहोटीला मी तेथे उभा होतो. एका मावशींनी शिंप फोडून गर पुढे केला. मी विचारले, “मावशी, तुम्ही कच्चे खाता का?” त्या हसल्या. म्हणाल्या, “पोरपनी लय खाल्ली. आता नाय रे बाला. पानी काय पयल्यासारखं हाय?” आणि त्यांनी हाताने नाल्याच्या तोंडाकडे दाखवले. मी आज जे सांगणार आहे ते त्या एका वाक्यात त्यांनी आधीच सांगून टाकले होते. मला फक्त त्यामागची कारणे जोडायची आहेत.

प्रथम चवीविषयी, कारण चव नसती तर हा प्रश्नच उद्भवला नसता. सिंधुदुर्गातील एका खाडीत मी कच्चे कालव खाल्ले आहे. आधी जिभेला समुद्राचे खारेपण लागते, मग मऊ, लोण्यासारखा गर, आणि चावल्यावर शेवटी एक हलकी गोडी. ही गोडी कालवाने अंगात साठवलेल्या पिष्टासारख्या पदार्थाची, म्हणजे ग्लायकोजेनची. पिल्ले सोडण्यापूर्वी कालव भरलेले असते, सोडल्यावर ते पाणचट होते. शिजवल्यावर यातले बरेचसे हरवते, हे मान्य केलेच पाहिजे. फ्रान्समध्ये किंवा अमेरिकेत लोक ताज्या कच्च्या कालवासाठी चांगले पैसे मोजतात ते उगाच नव्हे.

आता कालव खाते कसे ते पाहू. त्याला तोंडाने घास घ्यायचा नसतो. ते कल्ल्यांतून पाणी आत ओढते, त्यातले सूक्ष्म कण गाळून पोटात घेते आणि पाणी बाहेर टाकते. चांगल्या परिस्थितीत मोठे कालव तासाला काही लिटर पाणी गाळते. गाळणीला चहापत्ती आणि माती यांत भेद कळत नाही, तसा कालवालाही शेवाळ आणि मैल्यातील जंतू यांत फारसा भेद नसतो. त्यामुळे पाण्यात विरळ असलेले जंतू त्याच्या अंगात कितीतरी पटींनी एकवटतात. कोंबडी किंवा मासळी आपण पोट काढून, शिजवून खातो. कच्चे कालव मात्र पोटासकट, आत असेल त्या सगळ्यासकट गिळले जाते.

येथेच ‘ताजे’ आणि ‘स्वच्छ’ या दोन शब्दांची गल्लत होते. द्राक्ष बागायतदारांना २०१० चा हंगाम आठवत असेल. माल ताजा होता, रंग, आकार, गोडी कशातच कसर नव्हती, तरी क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे युरोपात तो अडकला. डोळ्यांना आणि जिभेला जे कळत नाही ते प्रयोगशाळेला कळले. कालवाचेही तसेच आहे. खडकावरून पाच मिनिटांपूर्वी काढलेले, घट्ट मिटलेले, समुद्राचा छान वास असलेले कालवही कावीळ किंवा विषमज्वर देऊ शकते. वांद्र्याचे सांडपाणी बोगद्यातून साडेतीन किलोमीटरहून अधिक अंतरावर समुद्रात सोडण्याची सोय झालेली आहे, हे खरे. परंतु वस्तीतून येणारे नाले किनाऱ्यालाच मिळतात, आणि कालव तर किनाऱ्यालाच असते.

याची किंमत जगाने मोजलेली आहे. १९२४-२५ च्या हिवाळ्यात अमेरिकेत न्यूयॉर्क, शिकागो आदी शहरांत दूषित कालवांमुळे विषमज्वराची साथ पसरली. कालवांचा धंदाच बसण्याची वेळ आली, आणि त्यातूनच १९२५ मध्ये तेथे कालवांच्या पाण्याची तपासणी करण्याची पद्धत सुरू झाली. १९८८ मध्ये शांघायमध्ये मैलामिश्रित पाण्यातील शिंपल्यांमुळे सुमारे तीन लाख लोकांना ‘अ’ प्रकारची कावीळ झाली. ते शिंपले पूर्ण कच्चेही नव्हते. गरम पाण्यात क्षणभर बुडवून काढायची तेथली रीत होती. तेवढ्याने विषाणू मरत नाहीत.

लिंबू पिळले, मिरची लावली की जंतू मरतात असा समज आपल्याकडे आहे. तो चुकीचा आहे. त्याने चव वाढते, एवढेच. मद्याबाबतही तेच. दुसरा एक समज युरोपातून आला आहे की, ज्या महिन्याच्या नावात ‘र’ आहे त्या महिन्यात कालव खावे. गंमत म्हणजे मराठीतही हा हिशेब जुळतो. मे, जून, जुलै, ऑगस्ट सोडले तर सगळीकडे ‘र’ आहे! पण तो नियम थंड समुद्राचा. समुद्राच्या पाण्यात मुळातच राहणारे व्हिब्रिओ जातीचे जंतू उबदार पाण्यात वाढतात, आणि आपला समुद्र बारा महिने उबदार असतो. ज्यांना यकृताचा विकार किंवा मधुमेह आहे, तसेच वृद्ध व गरोदर स्त्रिया, यांनी कच्चे कालव कोठलेही, कितीही खात्रीचे असले तरी खाऊ नये.

मग कच्चे कालव कधीच विकता येणार नाही काय? तसे मी म्हणणार नाही. सिंधुदुर्गात कांदळवनांच्या खाड्यांमध्ये बचत गटांच्या भगिनी कालवपालन करू लागल्या आहेत. जोडधंदा म्हणून तो चांगला आहे, कारण कालवाला खाद्य विकत घालावे लागत नाही. परंतु कच्च्या मालाची बाजारपेठ हवी असेल तर सुरुवात पाण्यापासून करावी लागेल. युरोपात शंभर ग्रॅम गरात ई. कोलाय जंतू २३० पर्यंत असतील तरच ते क्षेत्र ‘अ’ वर्गाचे धरतात व माल थेट विकू देतात. त्यावर ४,६०० पर्यंत असेल तर माल आधी शुद्ध करून घ्यावा लागतो, म्हणजे जिवंत कालवे टाकीत स्वच्छ, निर्जंतुक केलेल्या समुद्राच्या पाण्यात दीड-दोन दिवस ठेवून त्यांचे पोट रिकामे होऊ द्यायचे. यानेही मैल्याचे जीवाणू जातात, विषाणू व व्हिब्रिओ मात्र चिवटपणे राहतात. म्हणून टाकी हा वाईट पाण्यावरचा उपाय नाही. खाडीच्या वरच्या अंगाला आपलीच शेते, गोठे आणि वस्ती असते, हेही लक्षात घ्यावे. ज्या खाडीत कालवाचा मांडव घालायचा तेथे शौचालयाची टाकी कोठे झिरपते हे आधी पाहावे लागेल.

बाजारात फोडून पाण्यात ठेवलेला गर मिळतो, तो कच्चा खाण्याचा विचारही करू नये. कालव फोडताना जिवंत होते की नाही हे नंतर कळण्याचा मार्ग नाही. शिंपेसकट घेतलेले कालव उघडे दिसले तर त्यावर टिचकी मारावी. मिटले नाही तर फेकून द्यावे. घरी आणल्यावर गोड्या पाण्यात बुडवून ठेवू नये, ओल्या गोणपाटाखाली, थंड जागी ठेवावे. शिंपेसकट उकळताना तोंडे उघडली की लगेच उतरवू नये, त्यानंतर आणखी पाच मिनिटे उकळू द्यावे. न उघडलेली टाकून द्यावीत. फोडलेला गर असेल तर आले-लसूण आणि मसाल्यावर परतून, पाणी घालून खदखदून उकळी आल्यावर निदान तीन मिनिटे ठेवावा आणि आमसूल शेवटी घालावे. खारदांड्याच्या त्या मावशींनी मला असेच कालवण करून वाढले. पाटावर बसून मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.