ढाबळीची वही

मी चेन्नईत शर्यतीची कबुतरं पाळतो. घरांजवळ पवनचक्की आली की ढाबळवाले विचारतात, आपली पाखरं पात्यांत सापडतील का?

धोका आहे. पातं लांबून संथ दिसतं, पण मोठ्या पवनचक्कीत त्याचं टोक ताशी 200 किलोमीटरच्या पुढे जातं. कबुतराचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. दोन्ही डोळ्यांनी मिळून त्याला समोरचा अरुंद पट्टाच दिसतो.

तरी न परतलेलं प्रत्येक कबूतर पवनचक्कीच्या नावावर टाकू नका. ससाणा आहे, विजेच्या तारा आहेत, वादळ आहे. नेमकं काय झालं, हे नोंदीशिवाय कळणार कसं?

आपल्या देशात 2006च्या अधिसूचनेनुसार पवनचक्क्यांना पर्यावरण मंजुरी लागत नाही. म्हणजे त्या अधिसूचनेखाली पाखरं आधी मोजायची सक्ती नाही. आपण मात्र मोजतोच! पायातल्या कड्याचा नंबर, सोडल्याची जागा, परतल्याची वेळ. पवनचक्कीच्या आधीची वही आणि नंतरची वही शेजारी ठेवा, आणि मग बोला.

मागायचं काय, तेही ठरवा. नॉर्वेच्या स्मोला बेटावर चार पवनचक्क्यांचं एकेक पातं काळं रंगवलं. तिथले पक्ष्यांचे मृत्यू सुमारे 70 टक्क्यांनी घटले. प्रयोग छोटा होता, पण आपल्याकडे करून पाहण्याजोगा आहे.