पिल्लाचं खाणं अंड्यातच असतं

खुडूक कोंबडीखाली ठेवायला आपण मोठी अंडी निवडतो. ते बरोबरच आहे. 21 दिवस पिल्लाला वाढायला लागणारं सगळं खाणं त्या कवचातच असतं. अंडं लहान, तर पिल्लूही लहान.

कोंबडी नवी तलंग नाही, आजारी नाही, तरी अंडी लहान येतात? मग तिच्या दाण्याकडे बघा.

प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. लायसिन आणि मिथिओनिन हे मणी कोंबडीला खाण्यातूनच मिळतात. मक्यात लायसिन कमी असतं. सोयापेंडीत ते भरपूर, पण मिथिओनिन कमी. तिळाच्या पेंडीत मिथिओनिन चांगलं असतं. एक मणी संपला की माळ तिथेच थांबते. उरलेले मणी कोंबडीला प्रथिनं म्हणून साठवता येत नाहीत. त्यांतला नत्र विष्ठेच्या पांढऱ्या भागातून बाहेर जातो. म्हणजे आपलेच पैसे उकिरड्यावर!

म्हणून मक्याच्या भरड्यात सोयापेंड आणि थोडी तिळाची पेंड मिसळा. शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवा. घरचं कच्चं सोयाबीन मात्र घालू नका, त्यानं प्रथिनांचं पचन अडतं. नीट भाजूनच द्या.

बदल आठवडाभर हळूहळू करा. बलक भरायला दहाएक दिवस जातात. तेव्हा अंडी बसवायच्या तीन आठवडे आधीच सुरुवात करा. कोंबडी खुडूक झाल्यावर दाणा सुधारला, तर त्या पिल्लांना त्याचा उपयोग नाही.