रोग्याचे ताट आणि घरच्यांची पंगत

नुंगंबाक्कमला माझे बिऱ्हाड आहे. तेथून एग्मोरकडे जाणाऱ्या लोकल गाडीत बसले की पहिलेच स्थानक लागते चेटपेटचे. उलट दिशेच्या गाडीत बसले, तर बऱ्याच वेळाने 'तांबरम सॅनटोरियम' हे नाव धारण करणारे स्थानक येते. तेथील आरोग्यधाम डॉ. चौरी मुत्तू यांनी १९२८ साली स्थापन केले. चेटपेटला १९५६ साली क्षयरोगाच्या औषधोपचाराचे संशोधनकेंद्र उभे राहिले. आज ते राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था या नावाने ओळखले जाते. एकाच लोहमार्गावरील या दोन ठिकाणी एका रोगाच्या चिकित्सेची दोन युगे नांदून गेली आहेत.

आरोग्यधामाच्या युगात क्षयावर मुख्य इलाज तीनच: हवा, विश्रांती आणि खुराक. आपल्याकडे ऐपत असलेले लोक पाचगणीला किंवा मिरजेला जात. नसलेले घरीच खुराकाची सोय पाहत. माझ्या आजीच्या थोरल्या भावाला हा रोग जडला तेव्हा वैद्य आणि डॉक्टर यांचे एरवी न जुळणारे मत या एका गोष्टीवर जुळले. घरी एकच म्हैस होती. तिचे सारे दूध दादाच्या खोलीत जाऊ लागले आणि धाकट्या तिघांच्या पानातले ताकही बंद झाले. दादा गेला. दोन वर्षांनी त्याच्या पाठचा भाऊ त्याच दुखण्याने अंथरुणाला खिळला. भांडी वेगळी ठेवली होती, खोली वेगळी होती, मग हे झाले कसे, हे कोडे आजीला अखेरपर्यंत सुटले नाही.

चेटपेटच्या केंद्राने आरंभीच जो प्रयोग केला तो जगभर गाजला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषद यांचा त्यात सहभाग होता. शहरातल्या गरीब वस्तीतील १९३ रुग्ण निवडून त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एक गट आरोग्यधामात राहिला; दुसरा आपल्या कोंदट घरीच. औषधे दोघांनाही तीच, आयसोनायझिड आणि पी. ए. एस., वर्षभर. आरोग्यधामातील रुग्णांना सकस अन्न आणि विसावा मिळाला. घरच्यांना मिळाला नेहमीचा अपुरा भात आणि नेहमीचे काबाडकष्ट. आरोग्यधामातल्यांचे वजन अधिक वाढले खरे, पण रोगमुक्तीत दोन्ही गट जवळजवळ बरोबरीचे ठरले. जंतू मारतात ती औषधे, खुराक नव्हे, हे सिद्ध झाले. ज्या देशात लाखो रुग्ण आणि मूठभर खाटा, तेथे हा निष्कर्ष म्हणजे वरदानच होते, याविषयी मला शंका नाही.

परंतु या निष्कर्षाचा एक परिणाम असाही झाला की औषध आहे म्हटल्यावर अन्नाचा विचार मागे पडला. प्रयोगाने प्रश्न विचारला होता रोग बरा होण्याविषयी. रोग होतो कोणाला, हा प्रश्न निराळाच होता. क्षयाचे जंतू शरीरात शिरलेल्या बहुतेकांना रोग होतच नाही. शरीर त्यांना वर्षानुवर्षे कोंडून ठेवते. हा पहारा ज्या कारणांनी ढिला पडतो त्यांत कुपोषण हे आपल्या देशातील एक मोठे कारण. (मधुमेह हे दुसरे, म्हणजे भरल्या घरीही निश्चिंत राहण्याची सोय नाही.)

त्या निराळ्या प्रश्नाचे उत्तर झारखंडात मिळाले. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ ते २०२२ या काळात तेथील चार जिल्ह्यांत एक प्रयोग केला. त्यात चेटपेटची हीच संस्था सहभागी होती, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. २,८०० रुग्णांना औषधांबरोबर दरमहा शिधा मिळाला. खरी परीक्षा होती त्यांच्या घरच्या १०,३४५ माणसांची. काही घरांत माणशी महिना ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली; उरलेल्या घरांत रुग्णापुरताच शिधा पोचला. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, आणि फुप्फुसाच्या संसर्गजन्य क्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी आढळले. अंडी नाहीत, लोणी नाही, कॉडलिव्हरचे तेल नाही, नुसता डाळभात! रुग्णांतही ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले त्यांच्यात मृत्यू पुष्कळ कमी झाले. मात्र यामुळे औषधाला पर्याय सापडला असे कोणी समजू नये. गोळ्या चुकवून दूध पिणारा रुग्ण स्वतःलाही फसवतो आणि घरालाही.

हे निष्कर्ष वाचले तेव्हा मला आजीचे ताक आठवले. एका घरावरून शास्त्र सिद्ध होत नाही, आणि त्या भावाला रोग कशाने झाला हे आता कोण सांगणार? तरीही, खोली आणि भांडी यांची इतकी काळजी वाहणाऱ्या त्या घरात तिघांच्या पानाकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते, एवढे खरे.

सरकारी नोकरीत फायली वाचण्याची सवय जडते, म्हणून एक गोष्ट मनात सलते. निक्षय पोषण योजनेखाली २०१८ पासून रुग्णाला महिना ५०० रुपये मिळू लागले; नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. ही रक्कम रुग्णाच्या नावे हक्काने येते. घरातील इतरांच्या शिध्याची सोय २०२४ मध्ये 'निक्षय मित्र' या उपक्रमात जाहीर झाली. पण तेथे देणारा असतो दाता, आणि दाता लाभला तरच शिधा. वास्तविक, ज्या घरात चूल एक आहे, तेथली आई हजार रुपयांचे धान्य एकाच पानात कधी वाढते काय? ती सर्वांना वाटणारच. तिचा हिशोब पाच पानांचा असतो, आणि आमच्या तक्त्यात मात्र नाव घालायला ओळ एकच असते.