उष्टं ब्लेड
(रेडिओवरील भाषण)



जावळाचं आमंत्रण आलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: कुठं आहे? तुळजापूरला, जेजुरीला, की मळ्यातल्या म्हसोबापाशी? दुसरा प्रश्न: मामा येणार ना? बाळ मामाच्या मांडीवर बसणार, म्हणजे मामा हवाच. बोकडाचं जेवण असेल तर गडीमाणसं तिसराही प्रश्न विचारतात, तो मी सांगायला नको. पण ब्लेड कुणी आणायचं, हा प्रश्न आरोग्यसेविका म्हणून गावोगाव फिरले तेवढ्या वर्षांत मला एकाही घरात ऐकू आला नाही. म्हणून आज मला मिळालेली मिनिटं मी त्या ब्लेडावरच खर्च करणार आहे. कंटाळलात तरी ऐका.

आपण बाळाचं उष्टावण करतो. चांदीची वाटी घासूनपुसून लख्ख करतो, खीर ताजी करतो. त्या वेळी पंगतीत कुणाचं तरी जेवून झालेलं ताट उचललं, त्यावर चार थेंब पाणी शिंपडलं आणि त्यातच बाळाला खीर वाढली, तर? आजी काठी घेऊन उठेल. आणि तीच आजी जावळाच्या दिवशी शेजारी बसून बघत असते. नाभिकदादा आधीच्या गिऱ्हाइकाची दाढी उरकून येतात, वस्तरा मगातल्या पाण्यात बुचकळतात, तळहातावर दोनदा पुसतात आणि बाळाच्या डोक्याला लावतात. ते ब्लेड उष्टं नाही का? तोंडाचं उष्टं आपल्याला दिसतं. रक्ताचं उष्टं डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक.

कुणी म्हणेल, बाई, मगात डेटॉल असतं, तुरटी असते. अहो, उष्ट्या ताटावर लिंबू पिळलं म्हणून ते घासल्यासारखं होतं का? ब प्रकारच्या काविळीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा निदान 7 दिवस तग धरतो. मगातल्या दोन बुचकळ्यांनी तो मरत नाही. मोठ्या माणसाला ही कावीळ झाली तर बहुतेक जण त्यातून पूर्ण बरे होतात. शंभरात पाचांच्याही अंगात ती कायमची राहत नाही. बाळाचं उलटं आहे. वर्षाच्या आत लागण झाली तर दहातल्या आठ-नऊ बाळांच्या यकृतात ती ठाण मांडते. तेव्हा काहीच दिसत नाही. बाळ खेळतं, हसतं, शाळेत जातं, आणि त्रास निघतो पुढं ऐन उमेदीच्या वयात. तोवर जावळ कुणाच्या लक्षातही नसतं.

यावर लस आहे. जन्मल्यावर 24 तासांच्या आत एक डोस, मग 6, 10 आणि 14 आठवड्यांना जे पेंटाव्हॅलंटचं इंजेक्शन देतात, त्यातही ती असते. धनुर्वाताचीही त्यातच असते. तेव्हा जावळाची तारीख काढताना पंचांगाशेजारी बाळाचं लसीकरणाचं कार्ड ठेवा. पण लस झाली म्हणून उष्टं ब्लेड चालेल, असा अर्थ काढू नका. ब्लेडावरून जाणारे सगळेच रोग त्या सुईत बसत नाहीत. एचआयव्हीवर लस नाही, क प्रकारच्या काविळीवरही नाही.

आता अर्ध्या ब्लेडाचं. वस्तऱ्यात ब्लेड मधोमध मोडून अर्धंच बसवतात, हे तुम्ही पाहिलं असेल. अर्धं असण्याला माझी हरकत नाही. पोळीही आपण अर्धी वाढतो. पण ती आत्ता, माझ्यासमोर, आख्ख्या पोळीतून मोडलेली अर्धी की कुणाच्या पानात उरलेली अर्धी? कागदाची घडी डोळ्यांदेखत उघडली, ब्लेड डोळ्यांदेखत मोडलं, तर ते ताजं. पेटीतून, खिशातून, कपाटाच्या कोपऱ्यातून निघालेलं अर्धं ब्लेड कुणी कितीही शपथेवर नवं म्हटलं तरी नको. आणि वाटीचंही बघा. वाटी म्हणजे ज्यात ब्लेड बसवतात तो वस्तऱ्याचा सांगाडा. ब्लेड कोरं आणि सांगाड्याच्या फटीत कालचा साबण, कालचं रक्त, तर खीर ताजी असून काय उपयोग? सांगाडासुद्धा नवा घ्या. एकदाच घ्यायचा, पुढच्या भावंडालाही चालतो, फक्त पाण्यात चांगला उकळून घ्या.

यात नाभिकदादांना दोष द्यायला मी आलेले नाही. जत्रेच्या दिवशी माणूस सकाळपासून उकिडवा बसलेला असतो, समोर रांग असते, आणि आपणच म्हणतो, आटपा, मुहूर्त टळतोय. तुम्ही पाकीट पुढं केलंत तर कुणी नाही म्हणत नाही. तिरुपतीला केस द्यायला जाणाऱ्यांना टोकनाबरोबर ब्लेडही देतात. तिथं एवढ्या गर्दीत जमतं, मग आपल्या घरच्या पन्नास माणसांत का जमू नये?

का जमत नाही, ते मला चांगलं ठाऊक आहे. माझ्या थोरल्या नातवाचं जावळ देवाच्या ठिकाणी होतं. मी मुलीकडची. समोर मगात वस्तरा बुचकळला जात होता, आणि आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवणारी मी गप्प बसले. व्याही काय म्हणतील, कार्यात मोडता घातला म्हणतील. बाळानं मान हलवली, कानामागं जरासं कापलं. सुपारीएवढा कापूस लाल झाला, बस. पुढं काही झालं नाही, लशी सगळ्या वेळेवर झालेल्या होत्या. पण किती रात्री मी उठून त्या पोराचे डोळे पिवळे दिसतात का ते बघितलं, ते माझं मला ठाऊक. दोन रुपयांच्या ब्लेडासाठी मी भिडस्तपणा केला. तुम्ही करू नका.

आणि हे सांगताना कुणी शास्त्राचं नाव पुढं केलं, तर त्यांना शास्त्रच सांगा. आश्वलायन गृह्यसूत्रात चौलाचा, म्हणजे जावळाचाच, विधी आहे. त्यात बाळ आईच्या मांडीवर असतं, मामा आपल्या रूढीतला. गार पाण्यात ऊन पाणी कालवायचं, त्यानं डोकं भिजवायचं, लोणी नाहीतर दही लावायचं. केसांपाशी दर्भ ठेवून त्याला म्हणायचं, बाळाला सांभाळ. मग पात्याला विनवायचं, याला इजा करू नकोस. आणि शेवटी नाभिकाला सांगायचं, कोमट पाणी वापर, न दुखवता नीट कर. जंतू कुणी पाहिलेले नव्हते त्या काळी, तरी पात्याची काळजी होती! आपण मंत्र तेवढे म्हणवून घेतो आणि ज्याला विनवायचं त्या पात्याकडं बघतही नाही. वयाचंही तेच. मनुस्मृती म्हणते पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी, आश्वलायन म्हणतो तिसऱ्या वर्षी किंवा कुळाच्या रीतीप्रमाणं. म्हणजे बाळाला ताप आहे, डोक्यावर फोड आहेत, तर महिनाभर थांबलं म्हणून काही बिघडत नाही. मान धरायच्या आत तर करूच नका.

टाळूची मात्र सगळ्यांना धास्ती. टाळू भरली का, टाळूवर वस्तरा लागेल का, हे मला शंभरदा विचारतात. मागची टाळू दोनेक महिन्यांत भरते, पुढची भरायला दीड वर्षापर्यंत लागतं. तिथं हात हलका ठेवायचा, दाबायचं नाही, एवढंच. टाळूची भीती सगळ्यांना आणि ब्लेडाची कुणालाच नाही, असं उलटं झालंय आपलं.

बाकीचं भराभर सांगते, कारण काचेपलीकडून बोट दाखवताहेत. बाळाचं पोट भरलेलं असू द्या, झोप झालेली असू द्या. मामानं दोन्ही हातांनी डोकं धरायचं, फोटो दुसऱ्यानं काढायचा. बाळ फारच रडलं तर थांबायचं, राहिलेले केस तासाभरानं काढले तरी देव रागावत नाही. टाळूवरची खपली खरवडू नका. कापलंच तर स्वच्छ फडकं दाबून धरा, चांगल्या पाण्यानं धुवा. त्यावर हळद नको, चंदन नको, आणि जेजुरीकरांनो, भंडारासुद्धा कपाळाला टिकलीपुरता, ताज्या गोट्यावर उधळायचा नाही. घरी कुणाकडं केस कापायचं मशीन असेल तर ते धुऊनपुसून वापरा, पाव बोट केस राहिले तर… आणि हो, जावळ काढल्यानं केस दाट येतात का, हेही सांगायचं होतं. केसाचं मूळ असतं कातडीच्या आत, वस्तरा फिरतो वरून, तेव्हा… जाऊ दे, ते पुन्हा कधी बोलावलंत तर.

धाकट्या नातीच्या वेळी मी शहाणी झाले होते. ओटीच्या पिशवीत नारळ, खण, हळदकुंकू, कुंची, आणि त्यांच्याच मधे ब्लेडचं कोरं पाकीट. व्याह्यांनी पिशवी उघडली, पाकीट बघितलं, म्हणाले, बरं केलंत विहीणबाई, आमच्या लक्षातच नव्हतं.

कार्याची यादी कराल तेव्हा नारळाच्या खाली लिहा: ब्लेड. दुकानातून आणलेलं, आपल्यासमोर उघडलेलं, आणि काम झालं की कागदात गुंडाळून टाकलेलं. दुसऱ्या बाळालासुद्धा तेच नाही, बरं का, जुळ्यांनाही दोन…

वेळ संपली.