शेंगदाण्याच्या जागी शेवाळ नको

१९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. सूक्ष्मजीव टाकीत वाढवायचे, त्यांत भेसळ होऊ द्यायची नाही आणि तपासल्याशिवाय एकही बॅच बाहेर सोडायची नाही, ही शिस्त तेव्हापासून या परिसराच्या अंगवळणी पडलेली आहे. कुपोषणावर उपाय म्हणून आज सूक्ष्मशैवालाचं, विशेषतः स्पिरुलिनाचं नाव घेतलं जातं. माझ्या मते आपलं खरं भांडवल ही शिस्त आहे. शेवाळाच्या भुकटीचं स्थान दुय्यम आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुरटलेली आढळली, तर सहा ते एकोणसाठ महिन्यांच्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय होता. आता हिशेब मांडू. वाळलेल्या स्पिरुलिनात साठ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, ही जाहिरात खोटी नाही. पण मुलाच्या पोटात रोज जाणार दोन ग्रॅम. त्यातून प्रथिनं मिळतात जेमतेम सव्वा ग्रॅम. पंचवीस ग्रॅम शेंगदाणे सहा ग्रॅम देतात, तेही कितीतरी स्वस्तात. दोन ग्रॅममधलं लोह साधारण अर्धा मिलिग्रॅम, आणि एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज लागतं आठ मिलिग्रॅम. बी-१२ चा तर बोलबालाच जास्त, कारण त्यातलं बहुतेक शरीराला लागू पडत नाही. उरतं ते भरपूर बीटा-कॅरोटिन आणि थोडं लोह. म्हणजे ताटात शेवाळाची जागा चटणीची. भाकरी-आमटी कमी करून ती वाढायची नसते.

ही जागा मान्य केली की पारंपरिक पदार्थ कामाला येतात. चाड सरोवराकाठचे कानेम्बू लोक वाळलेलं शेवाळ कालवणात घालून भरडधान्याच्या गोळ्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत. आपल्याकडे नाचणीचा लाडू आहे, भाजणी आहे, चिक्की आहे. मात्र चिक्कीचा कडक पाक चुलीवर असताना भुकटी टाकली तर कॅरोटिन जळतं. पाक उतरवून, दाण्याचं कूट मिसळताना ती घालावी. लाडूला हे सोपं जातं. हिरवा रंग आणि मासळीसारखा वास मुलांना नकोसा वाटेल, हा आक्षेप रास्त आहे. गूळ आणि वेलची बरंच झाकतात, पण मात्रा वाढवली की काहीच झाकत नाही.

चाकणच्या उद्योजकांना वेगळाच मोह पडतो: धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड आणि सांडपाणी वापरून फुकटात शेवाळ पिकवण्याचा. सांडपाणी शुद्ध करायला ते जरूर पिकवा. मुलांच्या तोंडी मात्र ते जाता कामा नये. शेवाळ जड धातू शोषून घेतं, आणि पवना-इंद्रायणीत काय वाहतं हे इथे कुणाला सांगायला नको. मुलांच्या आहारात भुकटी आणण्यातून ठेकेदारांचंच फावेल, अशी शंका कार्यकर्ते घेतात, आणि अंगणवाडीचा आहार ठेकेदारांकडून घेऊ नये असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच बजावलं आहे. म्हणून लाडू-चिक्की बचत गटांनी करावी आणि भुकटीची तपासणी इथल्या कारखान्यांच्या प्रयोगशाळांनी विनामूल्य करून द्यावी. शिसं, आर्सेनिक आणि शैवालविष यांचा बॅचनिहाय अहवाल हाती असल्याशिवाय एकही पाकीट अंगणवाडीत जाणार नाही, आणि भुकटी आली म्हणून शेंगदाणा किंवा अंडं एका ग्रॅमनेही कमी होणार नाही, एवढे दोन ठराव या परिषदेने आज मंजूर करावेत, अशी माझी विनंती आहे.