डोंगरावरची बर्फाची ठेव



मुद्दल मोडून खाल्लं की गट बुडतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आज याच हिशेबाने लडाखमधल्या झंस्कारचे डोंगर बघूया.

झंस्कार हिमालयाच्या पलीकडच्या अंगाला आहे. पावसाचे ढग अलीकडेच रिते होतात, म्हणून तिथले डोंगर उघडेबोडके. पण उंचावर हिमनद्या आहेत. वर्षानुवर्षं पडलेला बर्फ दबून घट्ट होतो आणि आपल्याच वजनाने सावकाश खाली सरकतो. सोबतचे दगडगोटे डोंगर खरवडत जातात. नदीने कापलेली दरी तळाशी अरुंद असते, हिमनदीने कोरलेली परातीसारखी रुंद. पेन्सी ला खिंडीतून द्रांग-द्रुंग ही सुमारे २३ किलोमीटर लांबीची हिमनदी दिसते. तिचं पाणी राखाडी, कारण खरवडलेल्या दगडाचं पीठ त्यात मिसळलेलं असतं.

याच पाण्यावर सातू आणि वाटाणा पिकतो. हिवाळ्यात पडतो तो बर्फ म्हणजे भरणा, उन्हाळ्यात वितळतो ती उचल. आता उन्हाळे तापू लागलेत. उचल जास्त, भरणा कमी, म्हणजे मुद्दलालाच हात लागला. मोठी हिमनदी हळूहळू आटते, लहान आधी संपते. कुमिक गावच्या वरचा बर्फ असाच संपत गेला. ओढा आटला आणि लोकांना पिढ्यान्पिढ्यांची घरं सोडून खाली नदीकडे नवी वस्ती करावी लागली.

लडाखचे इंजिनियर चेवांग नोर्फेल यांनी यावर एक उपाय केला. हिवाळ्यात ओढ्याचं पाणी वाया जायचं. त्यांनी ते गावाजवळ, डोंगराच्या सावलीत, दगडी बांधांमागे वळवलं. तिथे ते थरावर थर गोठतं. ही जागा खऱ्या हिमनदीपेक्षा खाली, म्हणून बर्फ लवकर वितळतो आणि ऐन पेरणीला पाणी मिळतं. २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र त्यासाठीही हिवाळ्यात ओढा वाहता हवा. मूळ ठेव संपली तर बांध तरी काय अडवणार?

मैत्रिणींनो, आपली ठेव जमिनीखाली आहे, ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पुढच्या बैठकीत बचतीच्या वहीत एक पान पाण्याचं उघडा. गावातली कोणती विहीर कोणत्या महिन्यात आटली, ते लिहा. दोन-तीन वर्षांत कळेल, आपण व्याज खातोय की मुद्दल.